गाणे करणाराचा वाटा

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी विदुषी बोलवावी, तिने बोलावे आणि आपण ऐकावे, हा आपला शिरस्ता. यंदा तो मोडून मंडळाने मला, म्हणजे घरच्याच बाईला, उभे केले आहे. मी काही व्याख्यात्री नव्हे. शुक्रवारच्या भजनात मागच्या रांगेत बसून टाळ धरणारी मी. परंतु "त्या दिवशी कमिटीत जे बोललात, तेच साऱ्याजणींना सांगा," अशी अध्यक्षीणबाईंची आज्ञा झाली, आणि ती मोडण्याचे धैर्य मला नाही. तेव्हा पदरी पडले ते पवित्र मानून घ्या.

गेल्या दिवाळीत आपण शिशुवर्गाच्या गळक्या छपरासाठी जुन्या मराठी गाण्यांचा कार्यक्रम केला, तो तुम्हां सर्वांना आठवत असेल. कार्यक्रम रंगला, छपरही झाले. पण त्याच्या आधी कमिटीत जे रामायण झाले ते थोड्याजणींनाच ठाऊक आहे. झाले असे की, सभागृह ठरवायला आपल्या कार्यवाह गेल्या, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी विचारले, "तिकीट लावणार आहात ना? मग गाण्यांचा परवाना काढलात का?" कार्यवाह परत आल्या त्या गोंधळूनच. गाण्यांचा कसला परवाना?

कोषाध्यक्षबाई म्हणाल्या, "सभागृहाचे भाडे समजते, ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे समजतात, पेटी-तबलेवाल्यांची बिदागी समजते. पण गाणी तर आपल्या गळ्यातली! त्यांचे पैसे कोणाला आणि कशासाठी?" दुसऱ्या म्हणाल्या, "आपण काय गल्ला भरायला गातो आहोत? मुलांच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून गातो." तिसऱ्या म्हणाल्या, "इतकी वर्षे हीच गाणी म्हणत आलो, कोणी आले का आजवर मागायला?" मुद्दे बिनतोड वाटत होते. खरे सांगायचे तर मीही मान डोलावली आणि घरी आले. पण रात्री झोप येईना. कारण मला माझे वडील आठवले.

आमचे अण्णा तालुक्याच्या गावी शाळामास्तर होते. गणेशोत्सवात मेळ्यासाठी पदे रचायची, त्यांना चाली लावायच्या आणि पोरांकडून बसवून घ्यायची, हा त्यांचा छंद. १९६२ साली मुंबईहून एक गृहस्थ आले. एका ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ते गाणी गोळा करीत. त्यांना अण्णांची दोन पदे पसंत पडली. मुद्रांकाच्या कागदावर सही झाली आणि दोन्ही गाण्यांचे मिळून पंचाहत्तर रुपये अण्णांच्या हाती पडले. त्या पैशांत आईला एक लुगडे आणि घरात एक स्टोव्ह आला. आम्हा भावंडांना त्या स्टोव्हचे इतके अप्रूप की, तो पेटला की आम्ही भोवती बसून अण्णांचेच गाणे म्हणायचो.

पुढे त्या दोहोंतले एक गाणे चांगलेच चालले. लग्नाच्या वरातीत बँडवाले ते वाजवीत, गावोगाव वाद्यवृंद फिरत ते गात. अण्णा सेवानिवृत्त झाले, दम्याने खंगले. पेन्शन तुटपुंजे. अशा एका थंडीत आमच्या घरासमोरच्या मैदानावर कनाती लागल्या, तिकिटे लागली आणि वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. अण्णा ओट्यावर शाल गुंडाळून बसले होते. त्यांचे गाणे झाले, 'वन्स मोअर' आला, पुन्हा झाले. अण्णा एवढेच म्हणाले, "दुसऱ्या कडव्यातला शब्द चुकवला हो." आई आतून म्हणाली, "शब्द राहू द्या. तिथे पेटीशी बसून तिकिटांचे पैसे मोजतोय ना, त्याला जाऊन विचारा, हे गाणे कोणी केले म्हणून!" अण्णा हसले. म्हणाले, "गाणे लोकांचे झाले, आणखी काय हवे?"

अण्णांच्या त्या बोलण्याचा मला पुष्कळ वर्षे अभिमान वाटे. आजही वाटतो. पण भगिनींनो, त्याच महिन्यात आईने आपल्या दोन पाटल्यांपैकी एक औषधपाण्यासाठी मोडली होती, हे मला फार उशिरा कळले. वाद्यवृंदातल्या माणसांनी काही चोरले, असे मी म्हणत नाही. तीही आमच्यासारखीच, हातातोंडाची गाठ घालणारी माणसे. मला एवढेच दिसते की, त्या रात्री कनातवाल्याला पैसे मिळाले, दिवेवाल्याला मिळाले, गाणाराला मिळाले, वाजवणाराला मिळाले. ज्याने गाणे केले तो समोरच्या ओट्यावर बसला होता, आणि त्याची आठवण कोणालाही नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. माझ्या भाचीची मैत्रीण वकिलीण आहे. तिच्याकडे चार दुपारी बसले, कायद्याचे पुस्तक उघडून घेतले. जे समजले ते माझ्या बोलीत सांगते.

पहिली गोष्ट ही की, गाण्यावर गाणे करणाराचा हक्क असतो, आणि तो हक्क नुसते छापण्यापुरता किंवा ध्वनिमुद्रिका काढण्यापुरता नसतो. ते गाणे लोकांपुढे गाण्याची परवानगी देणे वा न देणे, हेही त्याच्या हातात असते. आपल्या देशात हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. हा कायदा जानेवारी १९५८ पासून अमलात आहे. आता एखादी म्हणेल, "अहो, मी ती तबकडी रोख पैसे मोजून घेतली आहे." घेतली असेल. पण पैठणी विकत घेतली म्हणजे विणकराचा माग आपल्या मालकीचा होत नाही. तबकडी आपली, ती घरी शंभरदा ऐकावी. गाणे मात्र ज्याचे त्याचेच राहते.

ही कल्पना मुळात कशी आली, त्याची एक मजेदार हकीकत आहे. १८४७ साली पॅरिसमध्ये एर्नेस्त बूर्जे नावाचा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांबरोबर एका संगीत-उपाहारगृहात बसला होता. तिथे गाणे-बजावणे चालले होते, आणि त्यात त्यांच्याच रचना गाइल्या जात होत्या. बिल आले तेव्हा या मंडळींनी ते देण्याचे नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, "आमच्या गाण्यांवर तुमची गिऱ्हाइके जमतात, त्याचे तुम्ही आम्हांला काही देत नाही, मग तुमच्या पेयाचे आम्ही का द्यावे?" भांडण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने कौल दिला तो गाणे करणारांच्या बाजूने. त्यातूनच १८५१ साली फ्रान्समध्ये गीतकार-संगीतकारांची संस्था उभी राहिली. कारण एकटा गीतकार कोणकोणत्या हॉटेलात जाऊन बसणार? सर्वांनी मिळून एक संस्था काढावी, तिने परवाने द्यावेत, पैसे गोळा करावेत आणि ज्याचे त्याला वाटून द्यावेत, ही साधी युक्ती. आपण भिशी चालवणाऱ्या बायका, आपल्याला ती सहज समजेल.

आपल्याकडे अशी संस्था १९६९ साली स्थापन झाली. तिचे नाव इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गीतकार, संगीतकार आणि संगीत-प्रकाशक तिचे सभासद असतात. कार्यक्रम करणाराने आधी परवाना घ्यायचा आणि कोणती गाणी होणार त्यांची यादी द्यायची, अशी ही रीत आहे. दर मनास येईल तसा सांगून चालत नाही. परवान्याचे दरपत्रक संस्थेने जाहीर केले पाहिजे, असे कायदाच सांगतो.

आता तुम्ही विचाराल, हे पैसे द्यायचे कोणी? गाणारीने की कार्यक्रम करणाराने? कायद्याच्या नजरेने बघितले तर परवान्यावाचून जी लोकांपुढे गाते तीही त्यात येते, जो गायला लावतो तोही येतो, आणि नफ्यासाठी जाणूनबुजून जागा देणाराही सुटत नाही. म्हणून तर त्या सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आपल्याला विचारले. ते काही आपल्याला अडवायला बसले नव्हते. पण व्यवहारात रीत अशी आहे की, जो कार्यक्रम उभा करतो आणि तिकिटाचे पैसे घेतो त्यानेच परवाना काढायचा. गाणाऱ्या मुलीला एक गाणे म्हणण्याबद्दल आपण साडीचोळी देणार, आणि परवान्याचे तिने बघावे म्हणणार, हे शोभणारे नाही.

इथे कोणी घाबरून जाऊ नये. आता मंगळागौरीलाही परवाना काढायचा की काय, असे एकीने मला विचारले! मुळीच नाही. कायदा करणारांना घरसंसार ठाऊक होता असे म्हणावे लागेल. हौशी मंडळाने गाणी म्हटली आणि ऐकणारांकडून पैसे घेतले नाहीत, तर परवान्याची गरज नाही. आपले कोजागरीचे गाणे, हळदीकुंकवाच्या दिवशीची भावगीते, शुक्रवारचे भजन, सारे यात आले. हौशी मंडळाने धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम केला तरी सूट आहे. शाळेत मुलांनी आणि शिक्षकांनी आपल्या पालकांसमोर गाइले तर सूट आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाइले तर सूट आहे, आणि त्या विधींत लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ कायद्याने स्पष्टपणे धरले आहेत.

लग्नाच्या या कलमावरून अलीकडे बरीच ओढाताण झाली. लग्नसमारंभातल्या संगीताबद्दल पैसे मागू नयेत, अशी सूचना २०२३ साली केंद्र सरकारच्या खात्याने काढली. गोवा सरकारने तशाच अर्थाचे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली रद्द केले. परिपत्रक काढून कायद्याची व्याप्ती वाढवता येत नाही, असा त्याचा भावार्थ. मूळ कलम आहे तिथेच आहे. वाद येतो तो लग्नाचा समारंभ कुठे संपतो आणि करमणुकीचा धंदा कुठे सुरू होतो, यावर. गणेशोत्सवाचेही तसेच. आरती हा पूजेचा भाग. पण मांडवासमोर पैसे मोजून वाद्यवृंद आणला, तर त्यालाही आरतीच्या कलमाचे पांघरूण पुरेल, असे धरून चालू नये.

आणि आता आपल्या वर्मावर येते. मला सर्वांत आश्चर्य वाटले ते हे की, सत्कार्यासाठी म्हणून सरसकट सूट नाही! धार्मिक संस्थेसाठी आहे, शिशुवर्गाच्या छपरासाठी नाही. तिकीट लावले की हौशी मंडळाची सवलत गेली. तिकिटाला 'देणगी प्रवेशिका' असे गोंडस नाव दिले म्हणून त्याचे तिकीटपण जात नाही. प्रवेशिकेवाचून दारातून आत सोडत नाहीत ना? मग झाले तर.

पहिल्यांदा मला हे अन्यायाचे वाटले. पण मग विचार केला. छपरासाठी पत्रे आणले, तेव्हा पत्रेवाल्याने फुकट दिले का? नाही. त्याने थोडे कमी केले, आपण आभार मानले. पण त्याचे पैसे चुकते केले. गवंड्याला आपण असे म्हटले नाही की, "बाबा, हे सत्कार्य आहे, तू आज मजुरी घेऊ नकोस." गवंड्याने स्वतः होऊन म्हटले असते, तर ते त्याचे दान झाले असते. त्याला न विचारता आपण ठरवले असते, तर ते दान आपले नव्हे आणि त्याचेही नव्हे. गाणे करणाराचे तसेच आहे. त्याच्या ताटातला घास उचलून आपण पुण्य करायचे, हे कोणत्या पोथीत सांगितले आहे?

यावर एक शंका निघाली, आणि ती रास्त आहे. "आपण संतांचे अभंग म्हणतो, जात्यावरच्या ओव्या म्हणतो. त्यांचेही पैसे द्यायचे?" नाही. हक्काला मुदत असते. गीतकाराच्या वा संगीतकाराच्या हयातीत तो असतोच, आणि त्याच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून मोजून साठ वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती. तेव्हा कायदा बदलून साठ वर्षे केली गेली. मुदत संपली की गाणे सर्वांचे. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, त्यांची पदे आपण खुशाल म्हणावीत. भोंडल्याची, भुलाबाईची गाणी आणि ओव्या तर आपल्या आज्या-पणज्यांच्याच.

मात्र एक मेख लक्षात ठेवा. शब्द वेगळे आणि चाल वेगळी. तुकोबांच्या अभंगावर कोणाचा हक्क असणार? पण त्याच अभंगाला श्रीनिवास खळ्यांनी जी चाल दिली आणि लताबाईंनी जी गाइली, ती चाल खळ्यांची. खळे २०११ साली गेले, म्हणजे त्या चालीची मुदत २०७१ अखेरपर्यंत आहे. भजनात आपण तोच अभंग परंपरेच्या चालीत म्हटला तर प्रश्न नाही. 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झाले, त्याला आता सत्तर वर्षे झाली, म्हणून ते मोकळे झाले असे पुष्कळांना वाटते. पण माडगूळकर १९७७ साली गेले आणि सुधीर फडके २००२ साली. तेव्हा शब्दांची मुदत २०३७ अखेरपर्यंत आणि चालींची २०६२ अखेरपर्यंत.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर आपण बायकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्या गात, घरच्यांनी ती गाणी उतरून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. लेखकाच्या पश्चात छापल्या गेलेल्या साहित्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्यांच्या शब्दांची मुदत २०१२ अखेर संपली. आता ते शब्द साऱ्यांचे. परंतु १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांच्या गाण्यांना ज्या चाली मिळाल्या त्या वसंत पवारांच्या. त्यांचा हिशेब वेगळा.

आपल्यातल्या तरुण सभासद हल्ली तयार वाद्यसंगीत लावून गातात. तेही कोणाचे तरी ध्वनिमुद्रण असते आणि त्याचा हक्क आणखी तिसऱ्याचा असू शकतो. ना-नफा मंडळाने आपल्या नेहमीच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण वाजवले तर कायदा सवलत देतो. पण तिकिटाच्या कार्यक्रमाला त्या सवलतीवर विसंबून बसू नये, आधी विचारून घ्यावे. आणि जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करून विकायचे असेल, तर तो प्रांत निराळा. पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पुरी पाच वर्षे जावी लागतात, आणि दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते. आपल्याला त्यात शिरायचे नाही.

कोषाध्यक्षबाईंनी मला शेवटचा प्रश्न केला तो फार मार्मिक होता. "हे पैसे गीतकाराला पोचतात का? की मधल्यामध्ये कंपनीच्या पोटात जातात?" भगिनींनो, पुष्कळ वर्षे उत्तर दुःखदच होते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात चित्रपट-निर्माते आणि या संस्थेचा दावा चालला. पैसे देऊन चित्रपटासाठी गाणे करवून घेतले, आणि काही वेगळा करार नसला, तर हक्क निर्मात्याचा, असा निकाल लागला. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक खंत नोंदवली होती, ती गायकाबद्दल. ज्याच्या गळ्याने गाणे जिवंत होते त्याला आपल्या कायद्यात जागाच नाही, असे त्यांचे म्हणणे. गायक-वादकांना कायद्यात जागा मिळाली ती १९९४ साली.

गीतकार-संगीतकारांना न्याय मिळायला २०१२ साल उजाडावे लागले. राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी त्यासाठी खटपट केली. आता कायदा असा आहे की, चित्रपटासाठी वा ध्वनिमुद्रणासाठी केलेल्या गाण्याचे बाकी हक्क गीतकार-संगीतकाराने लिहून दिले, तरी पुढच्या मानधनातला आपला बरोबरीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. अपवाद दोनच: आपल्या वारसांना द्यावा किंवा आपल्या हक्कांच्या संस्थेकडे सोपवावा. दुसऱ्या कोणी कागदावर सही करून घेतली, तरी ते कलम चालायचे नाही. हे वाचले तेव्हा मी वकिलीणबाईंना म्हटले, "हे १९६२ साली असते तर?" त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या.

हे सारे मी कमिटीत सांगितले. कोषाध्यक्षबाई बराच वेळ आकडेमोड करीत होत्या. मग म्हणाल्या, "हारतुरे, शाली आणि मध्यंतरातला फराळ कापला तर जमेल." आणि जमले! पाहुण्यांना आपण एकेक गुलाबाचे फूल दिले, ते कोणालाही कमी वाटले नाही.

परवान्यासाठी गाण्यांची यादी करायला बसलो, तेव्हा मात्र आम्हा सर्वांच्याच माना खाली गेल्या. बावीस गाणी होती. प्रत्येकीला बाविसांच्या बावीस तोंडपाठ. गाणारीचे नाव सगळ्यांना ठाऊक, चित्रपटातली नटी कोण तेही ठाऊक. पण गीतकार कोण म्हणून विचारले, तर नऊ गाण्यांवर आम्ही अडलो. ज्या शब्दांनी आपण पोरे निजवली, ज्या शब्दांनी आपण स्वतःचे रडे आवरले, ते शब्द कोणाचे हे आपल्याला माहीत नव्हते! तीन दिवस जुनी पुस्तके, जुन्या तबकड्यांची वेष्टने चाळून एकेक नाव शोधून काढले.

यादीचा पहिला खर्डा एका तरुण सभासदाने केला होता. मोठी हुशार मुलगी. ज्या गाण्यांचा पत्ता लागला नाही, तिथे तिने 'पारंपरिक' असे लिहिले. मी यादी वाचत होते. चौदाव्या ओळीवर माझी नजर थांबली. तिथे अण्णांचे गाणे होते. पुढे लिहिले होते, 'पारंपरिक'.

तिची काहीच चूक नव्हती. गाणे इतके ओठांवर बसले होते की त्याला कोणी बाप असेल, हे तिच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते. अण्णांना हे कळले असते तर ते मोठ्याने हसले असते. म्हणाले असते, "बघ, मी परंपरेत गेलो!" पण मला आई आठवली. मी पेन घेतले, 'पारंपरिक' खोडले आणि त्या ठिकाणी अण्णांचे नाव लिहिले.

कोणी विचारील की, त्यातून तुम्हांला काय मिळाले? पैशाच्या हिशेबाने म्हणाल तर काही नाही. अण्णांनी १९६२ साली सारे हक्क पंचाहत्तर रुपयांत लिहून दिले होते. पण त्या रात्री निवेदिकेने गाण्याआधी स्वच्छ आवाजात त्यांचे नाव घेतले. आणि दुसऱ्या कडव्यातला तो शब्द मी आधीच गाणारीला सांगून ठेवला होता. तो तिने चुकवला नाही.

भगिनींनो, तुरुंगाची भीती घालायला मी उभी राहिले नाही. जाणूनबुजून हक्क मोडणाराला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड कायद्याने सांगितला आहे, हे माहितीसाठी सांगितले इतकेच. धंद्यातल्या फायद्यासाठी ते केले नसेल, तर न्यायालय शिक्षा कमीही करू शकते. पण आपण काही कैदेच्या धाकाने वाणसामानाचे बिल चुकते करीत नाही. घेतले त्याचे द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते म्हणून करतो.

तेव्हा माझे मागणे थोडकेच आहे. दाराशी तिकीट नसेल तेव्हा मनमोकळेपणाने गावे, कोणाला विचारू नये, कोणाला भिऊ नये. दाराशी तिकीट असेल तेव्हा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात भाडे, बिदागी आणि दिवाबत्ती यांच्या खाली आणखी एक ओळ लिहावी: गाणे करणाराचा वाटा. आणि तिकीट असो वा नसो, गाण्याआधी त्याचे नाव घ्यावे. नाव घ्यायला परवाना लागत नाही आणि पैसाही लागत नाही. उखाण्यात नाव घ्यायला आपण बायका कधी मागे राहिलो नाही. मग इथेच का राहावे?

मंडळाच्या यंदाच्या सहलीहून परतताना गाडीत गाणी होतीलच. ती फुकट आहेत. पण कोणाचे गाणे म्हणता, ते आधी सांगा, म्हणजे झाले.